क्रीमची उन्हातली परीक्षा

तळहाताएवढी पारदर्शक प्लास्टिकची ताटली, तिच्यात ९६ बारीक खळगे आणि प्रत्येक खळग्याच्या तळाशी उंदराच्या पेशींचा पातळ थर. अशा दोन ताटल्या घेतात. दोन्हींत तपासायचा पदार्थ, समजा एखाद्या क्रीममधला घटक, चढत्या प्रमाणात घालतात आणि तासभर अंधारात ठेवतात. मग एक ताटली अंधारातच राहते, दुसरीवर सुमारे ५० मिनिटं अतिनील किरणांचा दिवा लावतात. त्यानंतर पदार्थ धुऊन काढायचा. दुसऱ्या दिवशी दोन्हींत लाल रंगाचं एक द्रावण घालतात. जिवंत पेशी हा रंग आत ओढून घेतात, मेलेल्यांना ते जमत नाही. कुठे किती लाली उरली ते यंत्रावर मोजलं की निकाल हातात येतो. अंधारात निम्म्या पेशी मारायला जेवढा पदार्थ लागला, त्याच्या पाचव्या हिश्शाहून कमी पदार्थ दिव्याखाली पुरला, तर तो प्रकाशविषारी. चाचणी नीट चालली आहे ना, हे पडताळायला सोबत क्लोरप्रोमाझिन हे मानसिक आजारावरचं जुनं औषध घेतात, कारण ते अंधारात बऱ्यापैकी सोसतं आणि उजेडात हमखास पेशी मारतं. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने (ओईसीडी) २००४ मध्ये ४३२ क्रमांकाची चाचणी म्हणून ही पद्धत मान्य केली.

अशा धाटणीचं काम आपल्याकडे बरीच वर्षं चाललंय ते लखनौत. मराठी माणसाला लखनौ आठवतं ते १९२६ साली भातखंड्यांनी तिथे काढलेल्या संगीताच्या मॅरिस कॉलेजमुळे, नाहीतर चिकनच्या कुर्त्यामुळे. पण वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या तब्बल चार प्रयोगशाळा या एका शहरात आहेत. त्यांतल्या औषध संशोधन संस्थेचा संसार तर १९५१ पासून सहा दशकं गोमतीकाठच्या छत्तर मंझिलमध्ये, म्हणजे नवाबांच्या राजवाड्यात होता. आपल्या विषयाशी सर्वांत जवळची संस्था महात्मा गांधी मार्गावर आहे, भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था. प्रा. सिब्ते हसन झैदी यांनी १९६५ मध्ये ती उभी केली, तेव्हा तिचा रोख कारखान्यातल्या विषांवर होता. पुढे तेल, खाद्यरंग, प्रसाधनं असं सगळंच तिच्या टेबलावर आलं. तिथल्या प्रकाशजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेने केसांच्या कलपातले घटक, औषधं, सनस्क्रीनच्या कुळातली रसायनं असं बरंच काही अतिनील किरणांखाली घालून पाहिलं आहे.

आपण क्रीम निवडतो ते दुकानात, ट्यूबलाइटखाली, फार तर मनगटावर थेंबभर चोळून. वापरतो मात्र उन्हात. प्रकाश पडला की काही रसायनं त्याची ऊर्जा शोषून घेतात आणि ती शेजारच्या ऑक्सिजनला किंवा थेट पेशीतल्या चरबी, प्रथिनं, डीएनए यांना देऊन टाकतात. एरवी गरीब वाटणारा पदार्थ मग जाळायला लागतो. म्हणून त्वचेसाठी काही निवडायचं तर ‘हे चांगलं आहे का’ या प्रश्नाला ‘हे लावून उन्हात गेलं तर?’ हे शेपूट जोडावंच लागतं.

याचं सर्वांत घरगुती उदाहरण म्हणजे लिंबू. चेहऱ्यावरचे डाग जावेत म्हणून लिंबाची फोड चोळायचा सल्ला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. लिंबात, रसापेक्षा सालीच्या तेलात जास्त, फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं की एक-दोन दिवसांनी चट्टा उठतो, कधी फोडही येतात आणि मागे राहिलेला काळपट डाग महिनोन्‌महिने हलत नाही. घालवायचे होते डाग, मिळाला नवा. जिथून रस ओघळला असेल तिथे त्या ओघळाच्याच आकाराचा पट्टा दिसतो आणि त्वचारोगतज्ज्ञ तो बघून आधी ‘उन्हात सरबत केलं होतंत का’ असंच विचारतात. गंमत अशी की याच कुळातली द्रव्यं बावचीत आहेत आणि कोडावर बावची लावून उन्हात बसण्याचा उपचार आपल्याकडे फार जुना आहे. सोरालेन देऊन मोजून-मापून अतिनील किरण द्यायची आधुनिक ‘पुवा’ पद्धत १९७०च्या दशकात रुजली, तीही त्याच तत्त्वावर. एकच गुण डॉक्टरच्या हातात उपचार होतो आणि न्हाणीघरातल्या आरशासमोर अपघात. ‘नैसर्गिक आहे, काय होणार’ या वाक्यावर माझा विश्वास नाही तो यासाठी. बिब्बाही नैसर्गिकच असतो.

आता उन्हाकडे वळू. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांत दोन जाती महत्त्वाच्या. २८० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे बी किरण त्वचेच्या वरच्या थरातच अडतात, भाजतात, डीएनए तोडतात आणि ड जीवनसत्त्वही तेच तयार करतात. ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे ए किरण खोल जातात, खिडकीच्या साध्या काचेतून आत येतात, सकाळी-संध्याकाळीही बऱ्यापैकी असतात. सुरकुत्या आणि काळवंडणं यांत त्यांचा मोठा हात. वर पाहिलेले प्रकाशविषारी पदार्थही बहुतेक ए किरणांवरच पेटतात.

बी किरणांचा जोर सूर्य किती उंच आहे यावर ठरतो आणि तो मोजायला आपली सावली पुरते. सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की जपायचं. मुंबई-पुण्याकडे आपण मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस पाहायला गच्चीवर जातो. लखनौ कर्कवृत्ताच्या उत्तरेला, २६.८ अंशांवर असल्याने तिथे सावली पूर्ण नाहीशी कधीच होत नाही, पण २१ जूनच्या दुपारी साडेपाच फुटी माणसाची सावली जेमतेम चार इंचांची उरते. म्हणजे ऊन जवळपास डोक्यातच. उलट डिसेंबरअखेरीस भर दुपारीही तिथे सावली माणसाहून सव्वापट लांब पडते. धुक्यातून वर आलेल्या त्या उन्हात लखनौकर गच्चीवर सतरंज्या टाकून, मुळा-संत्री खात तासन्‌तास बसतात. ऊब भरपूर मिळते, बी किरण मात्र बेताचेच.

इथे ड जीवनसत्त्वाचा मुद्दा येतोच, कारण सनस्क्रीन लावलं तर हाडं ठिसूळ होतील अशी भीती हल्ली व्हॉट्सॲपवर फिरत असते. लखनौच्याच संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी २००९ मध्ये उत्तर भारतातल्या खेड्यांतल्या मुली आणि गरोदर स्त्रिया यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ऊन मुबलक असूनही त्यांच्यात ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास होती. या बायकांनी काही सनस्क्रीनच्या ट्यूबा रिकाम्या केल्या नव्हत्या. अंगभर कपडे, सावळा रंग, घरातलं काम, थंडीतलं तिरपं ऊन आणि आहार अशी कारणं तिथे एकवटतात. कमतरता असेल तर रक्त तपासून गोळी घ्यावी, ती स्वस्तात मिळते. त्यासाठी गाल भाजून घ्यायची गरज नाही.

आपल्या रंगाला सनस्क्रीन लागतं का, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. काळ्या त्वचेतलं मेलॅनिन ऊन अडवतं हे खरं आहे. १९७९ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका मापनात कृष्णवर्णीय त्वचेच्या वरच्या थराचं स्वतःचं संरक्षण सुमारे १३ एसपीएफच्या तोडीचं, तर गोऱ्या त्वचेचं साधारण ३.४ निघालं होतं. आपण बरेचसे या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतो. त्यामुळे उन्हाने होणारा त्वचेचा कर्करोग आपल्याकडे कमी दिसतो आणि परदेशी मासिकांतली घबराट जशीच्या तशी उचलायचं कारण नाही. आपली तक्रार वेगळी असते. वांग, मानेवरचा आणि हातांवरचा काळपटपणा, उन्हात गेलं की उठणारी बारीक पुरळ. आणि वांगासाठी नुसते अतिनील किरण अडवून भागत नाही. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयात २०१० मध्ये असं दाखवून दिलं गेलं की डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशही सावळ्या त्वचेला काळं करतो आणि तो रंग टिकतो. गोऱ्या त्वचेत तसं झालं नाही. दिसणारा प्रकाश अडवायला लोह ऑक्साइड लागतं, म्हणजे मातकट, त्वचेच्या रंगाचं, ‘टिंटेड’ म्हणून मिळणारं सनस्क्रीन. चेहरा पांढराफटक दिसतो म्हणून सनस्क्रीन टाळणाऱ्यांचीही त्याने सोय होते.

सनस्क्रीनच्या ट्यूबवरचा एसपीएफ हा आकडा बी किरणांपुरता. १५ एसपीएफ सुमारे ९३ टक्के अडवतं, ३० एसपीएफ ९७ टक्के, ५० एसपीएफ ९८ टक्के. ३० नंतर किमतीत जेवढा फरक पडतो तेवढा संरक्षणात पडत नाही. ए किरणांसाठी ‘पीए’ आणि पुढची अधिकची चिन्हं पाहायची. ही जपानी पद्धत, चार अधिक म्हणजे सर्वांत वर. पण हे सगळे आकडे प्रयोगशाळेत त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम असा जाड थर देऊन काढलेले असतात. चेहरा आणि मान मिळून तो हिशेब एक-सव्वा ग्रॅमवर जातो, म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट यांच्यावर पूर्ण लांबीच्या दोन रेघा. बहुतेक जण याच्या निम्मंही लावत नाहीत. ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदा नीट लावली तर दीड महिन्याच्या आतबाहेर संपते. ती दिवाळी ते होळी पुरत असेल तर एसपीएफ कितीचा घेतला याला फारसा अर्थ उरत नाही. म्हणून महागडी ट्यूब जपून वापरण्यापेक्षा परवडणारी ट्यूब सढळ हाताने वापरलेली बरी. घामाने ती उतरते, त्यामुळे बाहेर असाल तर दोन तासांनी पुन्हा.

आता त्या ट्यूबमधला माल उन्हात कसा वागतो ते पाहू, कारण सनस्क्रीनचे काही घटक स्वतःच उन्हात नापास होणारे आहेत. ॲव्होबेन्झोन ए किरण छान अडवतं, पण एकटं असलं तर उन्हात मोडतं. ऑक्टिनॉक्सेटसोबत तर जास्तच. चांगल्या कंपन्या त्याला सावरणारे दुसरे घटक घालतात. बेन्झोफिनोन कुळाची तऱ्हा आणखी निराळी. या कुळातलं ऑक्सिबेन्झोन, म्हणजे बेन्झोफिनोन-३, सनस्क्रीनमध्ये वर्षानुवर्षं वापरात आहे. स्पर्श आणि प्रकाश मिळून होणाऱ्या ॲलर्जीसाठी ते इतकं बदनाम झालं की अमेरिकेतल्या स्पर्शजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ सालचा ‘ॲलर्जन ऑफ द इयर’ हा नकोसा किताब बेन्झोफिनोनांना दिला. लखनौच्या प्रयोगशाळेने २०१५ मध्ये बेन्झोफिनोन-१ वरचं काम प्रसिद्ध केलं. आपल्याकडच्या उन्हात असतात तेवढ्या अतिनील किरणांखाली मानवी त्वचेच्या पेशींच्या डीएनएला या पदार्थाने इजा केली आणि पेशी मरू लागल्या.

मग उरतात झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड, ही दोन खनिजं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने सनस्क्रीनच्या घटकांचा आढावा घेऊन नवा नियम प्रस्तावित केला. त्यात सुरक्षित व परिणामकारक या यादीत फक्त ही दोनच बसली, बाकी डझनभर रसायनांसाठी आणखी माहिती मागवली गेली. पण त्याच्या दहा वर्षं आधी, २००९ मध्ये, लखनौच्या याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी झिंक ऑक्साइडचे नॅनोकण मानवी त्वचेच्या पेशींवर टाकले होते आणि पेशींच्या डीएनएला इजा झाल्याचं नोंदवलं होतं. मग खरं काय? दोन्ही खरं. ताटलीतल्या पेशी उघड्या असतात. आपल्या अंगावरच्या जिवंत पेशींवर मेलेल्या, केराटिनने भरलेल्या पेशींचं कवच असतं आणि मलमातले हे कण त्या कवचाच्या पलीकडे जवळजवळ जात नाहीत. म्हणून ताटलीतला निकाल वाचून ट्यूब फेकायची नसते. कुठे सावध राहायचं ते त्यातून शिकायचं. जिथे कवच नाही तिथे, म्हणजे सोललेल्या, चिघळलेल्या त्वचेवर ते चोळू नये. आणि फवाऱ्याचं किंवा उडणाऱ्या भुकटीचं सनस्क्रीन तोंडाजवळ नको, कारण फुप्फुसाला असलं कवच नसतं. एरवी नाजूक त्वचेला, मुलांना, गरोदरपणात हीच खनिजं बरी.

पोटात घेतलेली किंवा दुखऱ्या जागी चोळलेली औषधंही या खेळात असतात. मुरुमांसाठी किंवा तापासाठी दिलेलं डॉक्सिसायक्लिन, रक्तदाबाची हायड्रोक्लोरोथायझाइडची गोळी, सांधेदुखीवर चोळायचं कीटोप्रोफेनचं जेल यांपैकी काही चालू असेल तर नेहमीच्याच उन्हात चेहरा भाजल्यासारखा होऊ शकतो आणि दोष जातो बिचाऱ्या नव्या फेसवॉशवर.

हे झालं जे ट्यूबवर छापलेलं असतं त्याविषयी. आपल्याकडची खरी दुखरी नस गोरेपणाच्या क्रीमची आहे आणि तिथे नुकसान बहुतेक वेळा न छापलेल्या गोष्टींनी होतं. एक पारा, दुसरी स्टेरॉइड.

पारा मेलॅनिन बनवणाऱ्या विकराला गप्प बसवतो, म्हणून त्वचा पटकन उजळते. पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातल्या मूत्रपिंडविकाराच्या २२ रुग्णांची माहिती मांडली. त्यांतले १५ जण एका विरळा प्रकारात मोडत होते आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाचं क्रीम लावत होते. आपल्याकडे अकोल्यात एकाच घरातल्या तिघींना, आई आणि दोन मुलींना, असाच त्रास झाल्याची आणि त्यांच्या क्रीममध्ये पारा सापडल्याची बातमी २०२३ मध्ये गाजली. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०१४ मध्ये ३२ फेअरनेस क्रीम तपासली, त्यांतल्या १४ मध्ये पारा होता. २०२०च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांची प्रसाधनं सोडता कुठेही पारा चालत नाही. नकळत आलाच तर दहा लाख भागांत एका भागापर्यंत. तरी पार्लरमधल्या बिननावाच्या डब्या आणि परदेशातून पिशवीतून आलेल्या ट्यूबा या नियमाच्या बाहेरच फिरतात. त्या ओळखायची एक खूण आहे. ‘दागिन्यांना लागू देऊ नका’, ‘सोनं-चांदी काढून ठेवा’, ‘उजेडात ठेवू नका’ असं क्रीमवर लिहिलेलं असेल किंवा विकणारी सांगत असेल, तर पाऱ्याचा संशय घ्यावा. पारा सोन्याला चिकटतो आणि त्याचे काही क्षार उजेडात काळे पडतात. कॅलोमेल हे नाव दिसलं तर तो पाराच.

स्टेरॉइडची गोष्ट जास्त पसरलेली आहे आणि तिचा एक धागा पुन्हा लखनौत जातो. तिथले त्वचारोगतज्ज्ञ अबीर सारस्वत आणि देशभरच्या बारा केंद्रांतले त्यांचे सहकारी यांनी चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांची पाहणी करून ती २०११ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतले ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड मलम लावत होते. त्यांतल्या सुमारे ५९ टक्क्यांना ते डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सांगितलं होतं. मैत्रीण, नातेवाईक, औषधाच्या दुकानातला माणूस, पार्लरवाली. २९ टक्के लोक तर ते गोरेपणासाठी किंवा रोजचं क्रीम म्हणून, काही जण दाढीनंतर लावायला वापरत होते. आणि ९० टक्क्यांहून जास्त जणांना दुष्परिणाम झाले होते.

या मलमाचा फसवेपणा असा की सुरुवातीला ते चमत्कार करतं. खाज थांबते, लाली जाते, आठवड्या-दोन आठवड्यांत चेहरा उजळतो. मग त्वचा पातळ होते, बारीक लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमं येतात, बायकांच्या गालावर लव वाढते. एक दिवस नाही लावलं तर चेहरा लालबुंद होतो, पेटतो, म्हणून पुन्हा लावावं लागतं. सगळ्यात आधी जाणवते ती उन्हाची आग. सकाळी दहाला रिक्षातून उतरून फाटकापर्यंत जायचं तर चेहरा भाजतो अशी तक्रार करणारी मुलगी ‘मी फक्त एक साधं क्रीम लावते’ म्हणत असेल, तर त्या क्रीमवरचं बारीक अक्षर वाचावं. बेटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव तिथे निघायची दाट शक्यता. अनेकदा सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन अशी त्रिकुटं असतात. अमेरिकेच्या क्लिगमन यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या वांगावरच्या नुस्ख्याची ही भावंडं. थोडे आठवडे, डॉक्टरच्या नजरेखाली लावायचं हे औषध आपल्याकडे वर्षानुवर्षं पावडरीखाली चोळलं जातं. यातलं ट्रेटिनॉइन उन्हाला नाजूक करतं, हायड्रोक्विनोन फार काळ लावलं तर उलटा काळा-निळा रंग आणतं. मार्च २०१८ मध्ये सरकारने १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा बदल केला. कागदावर तो चोख आहे. गल्लीतल्या दुकानात काय चालतं ते वाचकाला ठाऊकच असेल. हे मलम चालू असेल तर मात्र एका रात्रीत थांबवू नये, डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळू उतरावं लागतं.

टिकली हा याच घरातला धाकटा प्रश्न. कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग पडलेल्या बायका आपण पाहिलेल्या असतात. अलाहाबादच्या डॉक्टरांनी १९९० मध्ये त्याचं कारण टिकलीच्या गोंदातल्या पॅरा-टर्शरी-ब्यूटाइल-फिनॉलमध्ये दाखवलं. तो रंगपेशींनाच मारतो आणि रंग गेलेली ती गोल जागा उन्हात आधी भाजते. डाग फिकट होताना दिसला की टिकली बंद, जागा बदलून लावणं हा उपाय नाही. कुंकवातले काही रंग उलट कपाळ काळं करतात.

लेबल वाचायची सवय लागली की यातलं बरंच टळतं. भारतात बनलेल्या प्रसाधनावर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि घटकांची यादी हवी. परदेशातून आलेल्यावर आयातदाराचं नाव आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक. यादी जास्त प्रमाणाकडून कमीकडे जाते, तेव्हा पुढे मोठ्या अक्षरात मिरवलेलं केशर यादीच्या शेपटाला असेल तर ते किती असेल ते समजून घ्यावं. ‘हर्बल’, ‘केमिकल-फ्री’, ‘डर्मा’ या शब्दांनी काहीच सिद्ध होत नाही. सुगंध नसलेलं घेणं बरं, कारण सुगंधी द्रव्यांची ॲलर्जी नेहमीची आहे आणि त्यांतली काही उन्हातच उसळतात. मस्क अँब्रेट हे अत्तरांतलं द्रव्य एके काळी दाढीनंतरच्या लोशनांमध्ये सर्रास असायचं, ते याच कारणाने बाद झालं. लखनौच्या चौकात अत्तर घेतलंत तर कपड्यांना लावा, उघड्या मानेला नको. नवी वस्तू आणली की कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, आठवडाभर लावून पाहावी आणि नंतरच तोंडाला. त्यातही हात बाहीखाली झाकलेला राहिला तर उन्हातली ॲलर्जी कळणारच नाही, म्हणून शेवटचे दोन-तीन दिवस तो भाग थोडा उघडा ठेवावा. पूर्वी कधी उन्हात पुरळ उठली असेल तर मात्र घरचे प्रयोग नकोत. मोठ्या रुग्णालयांत त्यासाठी फोटोपॅच चाचणी असते. पाठीवर एकाच पदार्थाच्या दोन पट्ट्या लावतात, एकीवर ए किरण सोडतात, दुसरी झाकून ठेवतात.

कापडाबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे, कारण ट्यूबपेक्षा ते भरवशाचं. पातळ पांढरा सुती कपडा अतिनील किरण फारसे अडवत नाही आणि ओला झाला तर त्याहून कमी. लखनवी चिकनचा पांढरा, जाळीकामाचा कुर्ता वाऱ्याला मोकळा आहे आणि उन्हालाही. तो घालून मे महिन्यात इमामबाडा पाहायला निघालात तर खांद्यांवर दुहेरी दुपट्टा घ्या. गडद रंग, घट्ट वीण, जाड पोत यांचं संरक्षण कित्येक पट. त्या हिशेबाने पुण्याच्या मुलींनी स्कूटरवर डोळे सोडून सगळं गुंडाळून घेणारा जो स्कार्फ रूढ केला, तो जगातल्या कुठल्याही क्रीमपेक्षा सरस आहे. त्याची टिंगल करणाऱ्यांनी एकदा आपल्या स्वतःच्या मानेचा आणि झाकलेल्या दंडाचा रंग शेजारी ठेवून बघावा.

आणि एवढं करूनही चेहरा बिघडलाच तर डॉक्टरकडे जाताना नुसता चेहरा घेऊन जाऊ नका. सनस्क्रीन, फेसवॉश, पार्लरमधून आणलेली डबी, तेल, कलप, अत्तराची कुपी, टिकलीचं पाकीट, पोटात चाललेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, सगळं एका पिशवीत भरून न्यावं. रिकामी ट्यूबसुद्धा टाकू नये, घटकांची यादी आणि बॅच क्रमांक तिच्यावरच असतो आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायची वेळ आली तर तोच लागतो. सोबत एवढं आठवून ठेवावं की त्रास सुरू झाला त्या दिवशी आपण उन्हात किती वेळ होतो, किती वाजता होतो आणि कानामागची, हनुवटीखालची, म्हणजे सावलीतली त्वचा ठीक आहे की तिथेही पुरळ आहे. ती ठीक असेल तर डॉक्टर आधी उन्हाकडे बोट दाखवतील, तिथेही पुरळ असेल तर पिशवीतल्या मालाकडे.